सकाळी दहाला तुमची वाट कोण बघतंय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. तुम्ही संगमनेरला पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहात. शाळेत गुरुजींनी लावलेली १ जून ही जन्मतारीख, त्यामुळे येत्या ३१ मे रोजी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणार. नोकरी २००५ च्या आधीची, म्हणून जुनी पेन्शन आहे. घराचं कर्ज फिटलंय, मुलीचं लग्न झालंय, मुलगा-सून बंगळूरला, नात दोन वर्षांची. गावी पठारावर आई, धाकटा भाऊ आणि चार एकर जिरायत. आणि तुम्ही विचारताय : "पैशाचं बघितलंय, पण आत्ताच रविवारची दुपार खायला उठते. गावी जावं, मुलाकडे जावं की इथंच राहावं? मनाची तयारी म्हणजे नक्की करायचं काय?"

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात २९ वर्षं कामगार कल्याण अधिकारी होते. दर वर्षी निवृत्त होणाऱ्यांची यादी माझ्या टेबलावर यायची, त्यांचं दोन दिवसांचं शिबिर मीच घ्यायची, आणि नंतर वर्षभर त्यांच्या घरी जाऊनही यायची. स्वतः निवृत्त होऊन मला आता नऊ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही की समुपदेशनाची पदवीधर नाही. जे सांगते ते या घरांमधून पाहिलेलं आहे.

तुम्ही विचारलेला प्रश्न "कुठे राहावं" असा आहे, पण तुमच्या लिहिण्यातून मला दुसराच प्रश्न ऐकू आला. सकाळी दहाला माझी वाट कोण बघणार? तुमच्या टेबलासमोर आज ग्रामसेवक थांबलेले असतात, घरकुलाच्या यादीत नाव नाही म्हणून एखादी म्हातारी थांबलेली असते, जिल्हा परिषदेतून माहिती मागवलेली असते. तुम्ही नाही गेलात तर काहीतरी अडतं. हे अडणं १ जूनला एकदम थांबेल. गावी जा, बंगळूरला जा, नाहीतर संगमनेरातच राहा, ते तिन्ही ठिकाणी थांबलेलंच असेल. म्हणून जागेचा प्रश्न आधी सोडवायला घेऊ नका. तो नंतरचा आहे.

प्रत्येकाचं सारखं नसतं, हेही सांगून टाकते. आमच्या कामगारांना ईपीएसची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या योजनेची पेन्शन मिळायची, ती बहुतेकांना दोन-तीन हजार रुपये. त्यांच्यातल्या अनेकांना दुसऱ्या महिन्यापासून वॉचमनची किंवा छोट्या कारखान्यातली नोकरी धरावीच लागली, तिथे दुपार खायला उठण्याचा प्रश्नच नव्हता. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले आईवडील होते, त्यांचा दिवस त्यातच संपायचा. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता ज्याला मिळतो, त्याच्या हातात रिकामा वेळ खरोखरच येतो. तुम्ही त्यातले. त्यामुळे तुम्हाला विचार करायला सवड आहे, आणि तो करावाही लागणार आहे.

फोनचं सांगते. आज तुमचा फोन दिवसातून चाळीस वेळा वाजत असेल. निवृत्तीनंतर पहिले आठ-दहा दिवस वाजेल, "साहेब, कसं वाटतंय" म्हणून. मग एखाद्या दिवशी दुपारी तुम्ही तो हातात घेऊन बघाल, बंद तर पडला नाही ना म्हणून. आमच्या टूलरूमच्या एका फोरमननी तर मोबाइल दुकानात नेऊन तपासून घेतला होता. त्या वेळी लोकांबद्दल मनात कडू येतं, इतक्यांची कामं केली आणि एकालाही आठवण नाही. तसं वाटलं तर स्वतःला इतकंच सांगा की ते फोन एका कामाला येत होते, आता ते काम दुसऱ्याकडे आहे आणि फोन त्याच्याकडे जातायत. तुमच्यासाठी म्हणून येणारे फोन किती, हे आजच मोजून बघा. एक कागद घ्या आणि ज्यांच्याशी तुमचा कामाव्यतिरिक्त संबंध आहे त्यांची नावं लिहा. आमच्या शिबिरात हा कागद भरायला दिला की खोली शांत व्हायची. कोणाची चार नावं, कोणाची दोन. पण दहा महिने आधी ते कळलं तर दहा महिने हातात असतात. कॉलेजचा जुना मित्र, मामेभाऊ, पहिल्या पोस्टिंगच्या गावचे मास्तर, यांना आता फोन करायला लागा. निवृत्तीनंतर केलात तर समोरच्याला वाटतं, याला वेळ जात नाही म्हणून आठवण आली.

माझं स्वतःचं सांगायचं तर कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर ७ वाजून १० मिनिटांनी यायची. इतरांना निवृत्तीचं शिकवण्यात माझी इतकी वर्षं गेली होती, तरी मी तीन महिने रोज त्या वेळेला आंघोळ करून, साडी नेसून गॅलरीत उभी असायची. बस वळून गेली की आत यायचं आणि पुढे काय करावं ते सुचायचं नाही. हे मी कोणाला बोलले नाही. शेवटी एकदा यजमानांनीच विचारलं, तेव्हा रडले. ते म्हणाले, "उद्यापासून सात-दहाला आपण दोघंही खाली उतरू." त्या दिवसापासून आम्ही गंगापूर रोडने चालायला जायला लागलो. सांगायचं इतकंच की तयारी केली म्हणून दुःख होत नाही असं नाही. तीसेक वर्षांची गोष्ट संपते, तिचं वाईट वाटणारच, वाटू द्या. फक्त घरात बोला. झोप, भूक काही आठवडे सतत उडाली, कशातच मन लागेना, तर मात्र "निवृत्तीमुळे होतंय" म्हणून बसून राहू नका, डॉक्टरांकडे जा.

आता घराबद्दल, आणि इथे जरा थांबते, कारण मी पाहिलेल्या दहा निवृत्तींतल्या सात-आठ इथेच अडखळल्या. आपण म्हणतो माणूस निवृत्त होऊन "घरी आला". पण त्या घरात दिवसा एक वेळापत्रक आधीच चालू असतं, आणि ते बायकोनं तीस वर्षांत बसवलेलं असतं. नळ किती वाजता, कामवाली किती वाजता, जेवण कधी उरकायचं, दुपारी दोन ते चार तिचे स्वतःचे. त्या वेळेत ती पडते, बहिणीशी फोनवर बोलते, भिशीला जाते, नाहीतर नुसती बसते. तुम्ही त्या वेळेत घरात कधी नव्हताच, त्यामुळे तुम्हाला ते माहीतच नाही.

आमच्या स्टोअरचे एक सुपरवायझर होते. अतिशय नीटनेटके, त्यांच्या स्टोअरमध्ये एक वॉशर इकडचा तिकडे व्हायचा नाही. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून पुसले आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावली : हरभरा डाळ, तूर डाळ, मूग, खाली भरल्याची तारीख. डबे आकाराप्रमाणे लावले. मनापासून, बायकोला मदत म्हणून केलं. महिनाभरानं त्यांच्या पत्नी दुपारी तीनच्या उन्हात माझ्याकडे आल्या. पर्स मांडीवर धरून बसल्या, पाणीही घेतलं नाही. म्हणाल्या, "मॅडम, यांना दुपारचं दोन तास कुठंतरी पाठवा. राग नाही येत मला त्यांचा, चांगलेच आहेत. पण मला माझी दुपार परत पाहिजे. आणि मोहरी कुठंय ते मला आता वाचून बघावं लागतं."

त्यानंतर मी शिबिराला दोघांनाही बोलवायला लागले. एक तास दोघांना वेगवेगळं बसवायचं आणि विचारायचं, निवृत्तीनंतरचा तुमचा एक साधा मंगळवार सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत लिहा. मग दोघांचे कागद शेजारी ठेवायचे. नवऱ्याच्या कागदावर असायचं : सकाळी दोघांनी चहा, दुपारी एकत्र जेवण, संध्याकाळी दोघं देवळात. बायकोच्या कागदावर तो सकाळी साडेनऊला बाहेर गेलेला असायचा. भांडण नव्हतं ते. तिनं त्याला इतकी वर्षं बाहेर जातानाच पाहिलं होतं. हा मंगळवार तुम्ही दोघं या आठवड्यात लिहून बघा.

आणि घरात "मदत" करू नका. मदत म्हटलं की काम तिचंच राहतं, वर तुम्हाला सांगण्याचं काम वाढतं. त्यापेक्षा एखादं काम पूर्ण आपल्या अंगावर घ्या, विचारल्याशिवाय आणि कौतुकाशिवाय. पाणी भरणं, भाजी आणणं आणि निवडणं, रात्रीची भांडी, काहीही. त्या सुपरवायझरनी संध्याकाळचा चहा-खाणं आपल्याकडे घेतलं. आणि दुपारी ते जवळच्या शाळेत जायला लागले, प्रयोगशाळेतल्या सामानाची नोंदवही ठेवायला. तिथे त्यांच्या चिठ्ठ्यांचं सगळ्यांनी स्वागत केलं. हात तेच होते, त्यांना योग्य जागा मिळाली.

यावरून मी एक कसोटी लावते. निवृत्तीनंतरच्या आयुष्यात आठवड्यातून किमान दोन वेळा अशी एक जागा हवी, जिथे तुम्ही गेला नाहीत तर कोणीतरी फोन करून विचारेल. वाचन, बागकाम, फिरणं हे सगळं चांगलं, जरूर करा, पण तिथे तुम्ही गेला नाहीत तर झाड फोन करत नाही. भजनी मंडळात पेटी वाजवणारा आला नाही तर करतात. हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघ इथेही जाऊन बघा, पण नुसतं जाऊन बसणं आणि तिथलं एखादं काम अंगावर असणं यात फरक आहे. आणि ही जागा निवृत्तीच्या आधी धरायची असते. आमच्याकडे "रिटायर झाल्यावर बघू" म्हणणाऱ्यांतले फार थोडे खरंच बघायला गेले. जे आधीपासून रविवारी कुठेतरी जात होते, ते सोमवारी-बुधवारीही जायला लागले. बस, एवढाच बदल.

तुमच्याकडे तर सोन्यासारखी गोष्ट आहे. संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, घरकुल, विहिरीचं अनुदान, कोणत्या अर्जाला कोणता दाखला लागतो आणि तो कुठे अडतो हे तुम्हाला पाठ आहे. एखाद्या गावच्या देवळाच्या ओट्यावर दर गुरुवारी दोन तास बसा, लोकांचे अर्ज लिहून द्या, कागद तपासून द्या. महिनाभरात लोक वाट बघायला लागतील. दोन पथ्यं मात्र पाळा. त्याचे पैसे घेऊ नका, आणि त्या अर्जांसाठी जुन्या ऑफिसात जाऊन बसू नका. पहिले सहा महिने तर चहालाही जाऊ नका. तुमच्या जागी आलेल्या माणसाला स्वतःच्या पद्धतीनं काम करायचं असतं, आणि आपलं टेबल दुसऱ्यानं फिरवून ठेवलेलं पाहून परत येताना पाय जड होतात. मी पाहिलंय, म्हणून सांगते.

याची रंगीत तालीम करता येते. तुमची अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठली असेल, आणि रोखीकरणही तेवढ्याचंच होतं, म्हणजे वरची रजा नाहीतरी फुकट जाते. दिवाळीनंतर त्यातली पंधरा दिवसांची टाका. लग्न, यात्रा, मुलाकडे जाणं यातलं काही त्या दिवसांत नको. नुसतं घरी राहायचं. रोज रात्री चार ओळी लिहायच्या : आज काय केलं, कधी कंटाळा आला, कोणाशी बोललो. पहिले तीन दिवस सुट्टीसारखे जातील. पाचव्या-सहाव्या दिवशी खरं काय ते दिसायला लागेल, आणि वहिनींनाही दिसेल.

आता तुमचे तीन पर्याय. पहिलं वर्षभर परत फिरवता येणार नाही असा एकही निर्णय घेऊ नका. संगमनेरचं घर विकू नका, गावी बंगला बांधायला काढू नका. जाऊन मात्र राहा.

गावी जायचं तर सणाला जाऊन ठरवू नका. पठारावर एप्रिल-मेमध्ये पाण्याचा टँकर येतो तेव्हा पंधरा दिवस राहा, आणि पेरणीच्या वेळी पुन्हा राहा. रात्री आईला अचानक बरं नाही वाटलं तर दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो, ते एकदा जाऊन बघा, कारण उद्या ती वेळ तुमच्यावरही येऊ शकते. आणि भावाचा विचार करा. तो ही जमीन तीस वर्षं कसतोय. वर्षातून दोनदा येणारा दादा त्याला हवाच असतो. रोज सकाळी बांधावर येऊन "इथं डाळिंब लावून बघू" म्हणणारा दादा वेगळा. वाटणीचं, विहिरीच्या पाळीचं, आईच्या खर्चाचं बोलणं जायच्या आधी स्वच्छ करा. मी पाहिलेल्या भावाभावांच्या भांडणांत जमीन थोडी होती, न बोललेलं जास्त होतं.

बंगळूरला जरूर जा, पण परतीचं तिकीट काढून जा आणि तारीख मुलाला आधी सांगा. नातीला सांभाळायला आजी-आजोबा हवे असतील तर किती महिने, दिवसातले किती तास, सुनेला काय चालतं काय नाही, हे बोलून घ्या. आम्ही येतो म्हणजे आम्ही तिथेच आलो, असं दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं की सहा महिन्यांत वहिनींना आपल्या मैत्रिणी आठवायला लागतात आणि तुम्हाला मराठीत बोलणारं कोणी दिसेना होतं. नात मोठी होते, शाळेत जाते, मग पुन्हा तोच दिवस समोर उभा राहतो.

पैशाचं तुम्ही बघितलंय म्हणालात, म्हणून दोन-तीनच गोष्टी, कारण त्या मनाशी जोडलेल्या आहेत. पेन्शनचं ४० टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण केलंत, म्हणजे तेवढ्या भागाची रक्कम एकदम उचललीत, तर तेवढी पेन्शन कमी होऊन पंधरा वर्षांनी पूर्ववत होते. त्या रकमेचं नक्की काय करायचं हे ठरलं नसेल तर केवळ सगळे करतात म्हणून करू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीच्या आत निवृत्त झालेल्यांना, लाभाची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं. ती मुदत गेली की साठ पूर्ण होईपर्यंत थांबणं आलं. कमाल मर्यादा ३० लाख आहे, व्याज दर तिमाहीला मिळतं. ओळखीच्या पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून सगळं तिथे टाकू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आणि मुलानं फ्लॅटसाठी मागितले तर पहिल्या वर्षी "थांब" म्हणा. घर किंवा जमीन बक्षीसपत्रानं द्यायची वेळ आलीच तर आमचा सांभाळ करायचा ही अट त्या पत्रात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार त्या अटीवर मिळतो. हे लिहायला आईबापांना लाज वाटते. लिहा.

शेवटची गोष्ट वहीची. एका शंभर पानी वहीत दोघांनी बसून लिहून ठेवा : कोणत्या बँकेत काय, विमा कुठला, सातबारा आणि घराचे कागद कुठे, गॅसचा ग्राहक क्रमांक, नोव्हेंबरात हयातीचा दाखला कुठे द्यायचा. सेवापुस्तकात पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का ते आजच बघा. पेन्शनचं खातं दोघांच्या नावे करा. कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे तुमच्या मागे वहिनींना मिळणारी पेन्शन, सुरुवातीची काही वर्षं सोडली तर मूळ पगाराच्या ३० टक्के असतं, तुमच्या पेन्शनपेक्षा बरंच कमी. तेवढ्यात घर कसं चालेल, याचा हिशेब वहिनींनी स्वतः एकदा करून बघायला हवा. माझे यजमान पाच वर्षांपूर्वी गेले. त्या दिवसांत मला कोणत्याही कागदासाठी कपाट उपसावं लागलं नाही. त्यांच्या अक्षरातली ती वही मी अजून वापरते.

तुमचं लिखाण पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. "आम्ही दोघं" असं तुम्ही चारदा लिहिलंय, पण वहिनींना कुठे राहायचंय, त्यांना तुमच्या निवृत्तीनंतर काय करावंसं वाटतं, हे त्यात एकदाही आलेलं नाही. कदाचित तुम्ही विचारलं असेल आणि लिहायचं राहिलं असेल. विचारलं नसेल तर एखाद्या दुपारी विचारा, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत मध्ये काही सुचवू नका. त्या काय म्हणाल्या ते लिहून कळवा. गावाचं की बंगळूरचं, ते मग बोलू.